थेट सरपंच पाच वर्षं पुरी करणार का? दक्षिण सोलापुरातल्या एका गावाचं गणित

भीमाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण विषय एका माणसाचा नाही. दक्षिण सोलापूर तालुका, 11 सदस्यांची ग्रामपंचायत. सरपंच डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत थेट जनतेतून निवडून आले, पहिली सभा जानेवारी 2023 मध्ये झाली. माणूस कामाचा आहे असं निम्मं गाव म्हणतं, मनमानी करतो असं उरलेलं निम्मं. पाइपलाइनच्या बिलावरून तक्रारी झाल्या, गेल्या ग्रामसभेत आवाज चढले, माइक बंद झाला. आता 11 पैकी 8 सदस्य विरोधात गेलेत आणि अविश्वास ठराव आणायचं म्हणतात. चावडीवर एकच प्रश्न आहे : टर्म पुरी होते का नाही?

8 म्हणजे दोन तृतीयांशाच्या वर. तेवढ्यात भागतं ना? जाणकारांनी सविस्तर लिहावं. आपल्या जिल्ह्यात हजाराहून जास्त ग्रामपंचायती आहेत, उद्या हा प्रश्न कुणाच्याही गावात येणार.

हिशेबनीस

नाही भागत. दोन तृतीयांश हा सदस्यांनी आपल्यातून निवडलेल्या सरपंचाचा जुना हिशेब, गावोगाव अजून तोच तोंडात आहे. थेट निवडलेल्या सरपंचाला तीन चतुर्थांश लागतात, तेही हजर सदस्यांच्या नव्हे, बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांच्या. त्यामुळे गैरहजर राहिलेला सदस्य तटस्थ राहत नाही, त्याची गैरहजेरी सरपंचाच्याच खात्यात जाते. सहलीला नेलेल्या सदस्यांपैकी एकाची गाडी टेंभुर्णीला बंद पडली तरी ठराव पडतो.

आता आकडा. 11 चे तीन चतुर्थांश 8.25, म्हणजे 9 मतं. तुमच्याकडे 8 आहेत. एक कमी.

सरपंचाला धरून मोजायचं का, यावरही गावात वाद घालतात. सभेत सरपंचाला बोलायचा हक्क आहे आणि मत द्यायचाही आहे, म्हणून एकूण संख्येत एक वाढवून बघा :

7 सदस्य : 5.25 म्हणजे 6. सरपंच धरून 8, तरी 6.
9 सदस्य : 6.75 म्हणजे 7. सरपंच धरून 10 चे 7.5, म्हणजे 8.
11 सदस्य : 9. सरपंच धरून 12, तरी 9.
13 सदस्य : 9.75 म्हणजे 10. सरपंच धरून 14 चे 10.5, म्हणजे 11.
15 सदस्य : 12. सरपंच धरून 16, तरी 12.
17 सदस्य : 12.75 म्हणजे 13. सरपंच धरून 18 चे 13.5, म्हणजे 14.

7, 11 आणि 15 च्या गावात हा वादच निरर्थक आहे, दोन्हीकडून तोच आकडा येतो. 9, 13 आणि 17 च्या गावात मात्र या एका मतावर जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत प्रकरण जातं. तिथे वरचा आकडा जमल्याशिवाय नोटीस देऊच नये. अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक धरायचा. 8.25 ला 8 चालतील असं सांगणारा गावात एकजण तरी निघतो, त्याचं ऐकू नका.

सीनातीर

आकड्याबरोबर कॅलेंडरही बघा. थेट सरपंचावर निवडीपासून पहिली दोन वर्षं ठराव आणता येत नाही. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांतही नाही. एकदा ठराव पडला की पुढची दोन वर्षं पुन्हा नाही.

धागाकर्त्यांच्या गावाला हे लावा. पहिल्या सभेपासून पाच वर्षं, म्हणजे मुदत जानेवारी 2028 मध्ये संपते. खिडकी जुलै 2027 ला बंद. डिसेंबर 2024 पासून ती उघडी आहे, एकंदर साधारण अडीच वर्षं. त्यात 2025 च्या जुलैच्या आत ठराव पडला असता तर दुसरी संधी उरली असती. आता 2026 उजाडलं. आज आणलेला ठराव पडला तर पुढची तारीख 2028 मध्ये जाते, म्हणजे मुदतीच्या बाहेर. थोडक्यात एकच डाव आहे. तो 8 सदस्यांवर खेळला तर तुम्ही सरपंचांना उरलेल्या मुदतीचं कवच स्वतःच्या हाताने घालून देता.

होटगीरोड

मला एक कळत नाही. मुख्यमंत्री पडतो, पंतप्रधान पडतो, मग सरपंचाला एवढं संरक्षण कशाला? महाराष्ट्रात सलग पाच वर्षांची टर्म पूर्ण करणारे मुख्यमंत्री वसंतराव नाईक आणि 2014 ते 2019 चे देवेंद्र फडणवीस, एवढेच. आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे जानेवारी 2003 ला आले आणि 2004 च्या नोव्हेंबरात गेले.

हिशेबनीस

शिंदे साहेब अविश्वासाने गेले नाहीत हो. 2004 ची निवडणूक त्यांच्या कारकिर्दीत झाली, आघाडी निवडूनही आली, नंतर पक्षाने विलासराव देशमुखांना नेमलं. वर पक्ष ठरवतो, म्हणून टर्म पक्षाच्या मर्जीवर.

आणि तिथला हिशेब साध्या बहुमताचा, तोही हजर राहून मत देणाऱ्यांचा. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मताने पडलं. तोच नियम गावाला लावला तर 11 च्या गावात दर सहा महिन्यांनी सरपंच बदलेल. जुन्या पद्धतीत पुष्कळ गावांनी ते भोगलंय. अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायची, पहिला राजीनामा द्यायला तयार नाही, मग ठराव, मग सहल. 2017 मध्ये थेट निवड आणली तेव्हा हे संरक्षण त्यासाठीच जोडलं. 2020 मध्ये थेट निवड रद्द झाली, जुलै 2022 मध्ये परत आली. म्हणून तुमच्या गावाची निवडणूक कुठल्या काळातली हे आधी बघायचं. 2021 च्या जानेवारीत निवडलेल्या ग्रामपंचायतींचे सरपंच सदस्यांतून आलेले होते, त्यांचा हिशेब वेगळा.

आणखी एक फरक. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. गावात पॅनेल असतं, पक्ष नसतो. झेडपी, पंचायत समिती, नगरपालिकेला 1986 चा पक्षांतराचा अनर्हता कायदा लागू आहे, ग्रामपंचायतीला नाही. इथे व्हिप, म्हणजे अमुक बाजूनेच मत द्या असा पक्षाचा आदेश, नाही. आज विरोधात सही केलेला सदस्य सभेत सरपंचाच्या बाजूने हात वर करू शकतो, त्याचं सदस्यत्व जात नाही. 8 सह्या म्हणजे 8 मतं, असं कुणी धरून चालू नये.

मंगळवेढेकर

पायऱ्या कुणीच लिहिल्या नाहीत, त्या लिहितो.

ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 35. नोटीस तहसीलदारांकडे जाते, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) नाही, बीडीओकडेही (गटविकास अधिकारी) नाही. 1975 च्या अविश्वास नियमांत नमुना आहे, त्याच नमुन्यात द्यायची. साध्या कागदावर "आमचा विश्वास राहिला नाही" एवढंच लिहून सह्या ठोकल्या की सरपंचाच्या वकिलाला पहिला मुद्दा आयता मिळतो. कारणं नेमकी लिहा : कुठली मासिक सभा बोलावली नाही, कुठला ठराव इतिवृत्तात वेगळा लिहिला, कुठलं बिल सभेपुढे न ठेवता काढलं. सह्या करणाऱ्या सगळ्यांनी एकत्र जाऊन तहसील कार्यालयात आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्यावी. सही माझी नाही, असं प्रतिज्ञापत्र पुढे एखाद्याकडून येतंच. सगळे समक्ष हजर असले की ते टिकत नाही. किमान सह्यांपुरतं थांबू नका, तीन चतुर्थांशांच्या सह्या आधीच घ्या.

नोटीस एकदा दिली की मागे घेता येत नाही. हे सही करणाऱ्याला आधी सांगा.

नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत तहसीलदार विशेष सभा बोलावतात. सभा ग्रामपंचायत कार्यालयात, अध्यक्ष तहसीलदार. ठराव वाचला जातो, सरपंच बोलतात, मतदान होतं. इथे तीन चतुर्थांश मिळाले तरी थेट सरपंच लगेच जात नाही. पुढे विशेष ग्रामसभा. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला अधिकारी अध्यक्ष, गावच्या मतदारांचं गुप्त मतदान. तिथे मंजुरी मिळाली तरच पद जातं. बरेच लोक पहिली सभा जिंकून गुलाल उधळतात आणि दुसरी विसरतात.

भीमाकाठ

ग्रामसभेतलं मतदान हा मोठा मुद्दा झाला. इतक्या गर्दीत हे होतं कसं?

मंगळवेढेकर

शाळेच्या पटांगणात, बंदोबस्तात. वॉर्डवार टेबलं, मतदार यादी, ओळखपत्र, मतपत्रिका, पेटी. सकाळी नोंदणी आणि मतदान, मग मोजणी. जो माणसं आणतो तो जिंकतो. सदस्यांच्या सह्या जमवणारे इथे कमी पडतात, कारण सरपंच अख्ख्या गावातून निवडून आलेला असतो आणि त्याचे मतदार यादीत तसेच असतात.

आपल्याकडे तारखेला फार महत्त्व आहे. फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची सुगी, माणूस रानात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखाने बंद झाल्यावर परततात. आषाढीच्या आसपास पंढरपूर, मोहोळ, माळशिरस पट्ट्यात पोलीस बंदोबस्तच मिळत नाही. पुण्याला कामाला असलेली पोरं रविवारी येऊ शकतात, बुधवारी नाही. ग्रामसभेची तारीख तुम्ही ठरवत नाही, पण नोटीस कधी द्यायची ते तुमच्या हातात आहे.

अक्कलकोटी

आमच्या सीमेच्या गावांसाठी एक जोड. निम्मे मतदार घरात कन्नड बोलतात. ठराव आणि त्याची कारणं दोन्ही भाषांत तोंडी समजावून सांगायला अधिकाऱ्यांना आधीच लेखी विनंती करा. ठरावाच्या बाजूने मत म्हणजे सरपंच जाणार, विरोधात म्हणजे राहणार. सरपंचाच्या विरोधात आहे म्हणून "विरोधात" वर शिक्का मारणारे निघतात, आणि असं मत उलटं मोजलं जातं. लोकांना हे आदल्या दिवशी घरोघर सांगावं लागतं.

हिशेबनीस

वरचा मुद्दा सोन्यासारखा आहे. याच एका गोंधळाने निकाल फिरू शकतो.

कोरडवाहू

सगळे अविश्वासावरच बोलताय. माझं स्पष्ट मत : थेट सरपंचाची टर्म ठरावाने फारशी तुटत नाही, कागदाने तुटते. तुमचे 8 सदस्य 9 होत नसतील तर ठराव विसरा आणि दफ्तर बघा.

कलम 14, अपात्रता. ग्रामपंचायतीचा कर मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरला नाही, तर अपात्र. ग्रामपंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असला, तर अपात्र. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण, अपात्र. 12 सप्टेंबर 2001 नंतरचं तिसरं अपत्य, अपात्र. राखीव जागेवर निवडून आलेल्याने जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तरी पद जातं. हे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे चालतात, सदस्यांच्या बहुमताची गरज नाही, एकटा मतदारही करू शकतो.

अतिक्रमणाबाबत 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा जनाबाई प्रकरणाचा निकाल माहीत असायला हवा. सदस्याने स्वतः अतिक्रमण केलेलं नसलं, तरी घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणाच्या जागेत तो राहत असेल, वापर चालू ठेवत असेल, तरी अपात्रता लागते.

कलम 39 वेगळं. गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, लाजिरवाणं वर्तन यासाठी. झेडपीच्या सीईओंकडून चौकशी, सरपंचाला म्हणणं मांडायची संधी, मग पुण्याच्या विभागीय आयुक्तांचा आदेश. त्यावर 15 दिवसांत शासनाकडे अपील. हे चालतं सावकाश. तक्रारीला पुरावा नसेल तर विस्तार अधिकाऱ्याचा अहवाल "तथ्य आढळत नाही" एवढ्या एका ओळीचा येतो.

कोरडवाहू

पुरावा म्हणजे काय ते सांगतो, वर राहिलं. पाइपलाइनचं उदाहरण घ्या. "भ्रष्टाचार झाला" असं लिहू नका. हे कागद जोडा : कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मासिक सभेचा मंजुरीचा ठराव क्रमांक, मोजमाप पुस्तिकेच्या नोंदी, बिल, नमुना 5 च्या रोकडवहीतली त्या तारखेची नोंद, बँकेचा उतारा. अंदाजपत्रकात पाइप किती मीटर आणि किती व्यासाचा, मोजमाप पुस्तिकेत किती, जमिनीत किती, हे तीन आकडे शेजारीशेजारी ठेवले की चौकशी अधिकाऱ्याला पळवाट उरत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा खर्च असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आराखडा आणि पेमेंट कुणालाही दिसतं. ते पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाही, म्हणून तक्रारीत दोघांचीही जबाबदारी मांडा. एकट्या सरपंचावर रोख ठेवला की ग्रामपंचायत अधिकारी दफ्तर द्यायला टाळाटाळ करतो आणि सरपंच म्हणतो, मी फक्त सही केली.

कागद माहिती अधिकारात मिळतात : 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवस, मग पहिलं अपील. "सर्व कामांची माहिती द्या" असा अर्ज करू नका. एक काम, एक वर्ष, कागदांची नावं.

सीनातीर

कोरडवाहू, तुमचं पटतं, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. सप्टेंबर 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अतिक्रमणाच्या कारणावरून अपात्र ठरवलं होतं, न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या महिलेला, पदावरून काढणं इतकं हलक्यात घेता येणार नाही, असा त्याचा सूर आहे. अर्ध्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि अपात्रतेच्या अर्जांमागे बऱ्याचदा "बाई खुर्चीवर कशाला" एवढंच असतं. तशी तक्रार करणाऱ्यांनी आधी मनाला विचारावं. कारभार सरपंचाचा नवरा चालवत असेल तर सभेच्या इतिवृत्तात त्याच्या हजेरीवर हरकत नोंदवा. बाईला सही करायला लावून मग तिच्यावरच कलम 39 आणणं बरोबर नाही.

होटगीरोड

हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

दफ्तरवाला

दोन्ही बाजूंना एक इशारा. कलम 14 सदस्यांनाही लागू आहे. आठ सदस्य सह्या करायला बसले की हुशार सरपंच ठरावाला उत्तर देत बसत नाही, तो नमुना 9 ची कर मागणी नोंदवही उघडतो. कुणाची घरपट्टी थकली, कुणाचं पाणीबिल, कुणाचा ओटा गायरानात. आठातले दोन अपात्र झाले की ठराव संपला.

म्हणून सह्यांच्या आधी प्रत्येक सदस्याने घरपट्टी-पाणीपट्टी चालू वर्षापर्यंत भरावी, पावती जपावी. घर एकत्र असेल तर वडिलांच्या, भावाच्या नावाची थकबाकीही भरून टाकावी, वाद नको. नमुना 8 चा, म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा काढून क्षेत्र आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतंय का ते बघावं. सलग सहा महिने मासिक सभेला गैरहजर असलेल्याचं पद तसंही धोक्यात असतं. बहिष्कार घालायचा असेल तर सभेला जाऊन, हजेरीवर सही करून, विरोध इतिवृत्तात लिहून घ्या. घरी बसून केलेला बहिष्कार सरपंचाच्या कामी येतो.

सरपंचाच्या बाजूनेही सांगतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा आणि दर महिन्याची मासिक सभा वेळेवर बोलावणं, हे टर्म टिकवायचं पहिलं काम. पुरेशा कारणाशिवाय सभा टाळल्या की त्यावरूनच पद जाऊ शकतं. कोरम भरला नाही तर सभा तहकूब म्हणून नोंदवा आणि पुढची तारीख लावा. कोरी वही ठेवू नका. गोंधळ झाला म्हणून माइक बंद करून उठून जाणं सगळ्यात वाईट, कारण त्या सभेचं इतिवृत्त मग दुसरा कुणीतरी आपल्या सोयीने सांगतो.

भीमाकाठ

समजा नववा सदस्य मिळाला, ग्रामसभेतही मंजूर झालं. मग पुढे? सरपंच कोर्टात जाणारच.

मंगळवेढेकर

आधी कोर्ट नाही. ठराव मंजूर झाल्यापासून सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद दाखल करायचा. त्यांनी शक्यतो 30 दिवसांत निर्णय द्यायचा. त्यावर सात दिवसांत आयुक्तांकडे अपील, तिथेही शक्यतो 30 दिवस. मग उच्च न्यायालय. ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्ह्याच्या याचिका कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

या काळात कारभार उपसरपंचाकडे. उरलेल्या मुदतीसाठी पोटनिवडणूक लागते. मधल्या काळात एक गोष्ट नेहमी अडते : जुन्या सरपंचाची डिजिटल सही पोर्टलवरून काढून उपसरपंचाची नोंदवेपर्यंत एकही पेमेंट निघत नाही. पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकतं, कर्मचाऱ्यांचे पगार थांबतात. अर्ज पहिल्याच आठवड्यात पंचायत समितीत द्या.

अक्कलकोटी

आणि सगळ्या सदस्यांनी राजीनामे द्यायचे, ग्रामपंचायतच विसर्जित करायची, हा सल्ला कुणी देत असेल तर?

कोरडवाहू

निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या झाल्या की ग्रामपंचायत विसर्जित होऊ शकते, हे खरं. पण सदस्याचा राजीनामा सरपंचाच्या नावे द्यायचा असतो. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लढताय त्याच्याच हातात कागद. शिवाय विसर्जनानंतर प्रशासक बसतो आणि गावाची कामं त्याच्या सवडीने होतात. मी तरी हा सल्ला देणार नाही.

भीमाकाठ

आठही जणांच्या कराच्या पावत्या तपासल्या, दोघांची पाणीपट्टी थकलेली निघाली. ती आधी भरली जाईल. नववा सदस्य अजून नाही म्हणतोय. तोपर्यंत नोटीस नाही असं ठरलं. पाइपलाइनच्या मोजमाप पुस्तिकेसाठी माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी जातोय, त्यात सालं कुठली लिहू? काम 2023-24 चं, शेवटचं बिल 2024-25 मध्ये निघालं.

दफ्तरवाला

दोन्ही वर्षं लिहा, पण दोन वेगळे अर्ज करा. पहिल्यात अंदाजपत्रक, मान्यता, ठराव. दुसऱ्यात मोजमाप पुस्तिका, बिल, रोकडवही. एकाच अर्जात घातलंत तर एक कागद मिळाला नाही म्हणून सगळाच अर्ज अडून राहतो. आणि साक्षांकित प्रती मागा, नुसत्या झेरॉक्स जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवल्या की समोरचा वकील पहिली हरकत त्यावरच घेतो.